घरनं का बाहेरनं?

जळगावला पिंप्राळ्यात सरांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा टेम्पोतून माझा कुलर उतरत होता. सर अंगणात उभे राहून बघत होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर ओला पंचा. म्हणाले, "मॅडम, याची मोटर घरनी का बाहेरनी?"

मला वाटलं, घरून आणली की इथल्या बाजारातून घेतली, असं विचारताहेत. मी म्हटलं, "बाहेरची. नवीनच घेतलीय." त्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मला कळेना, मी काय वाईट बोलले. मग त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, दारातून खुलासा केला, "देशातली का परदेशातली, असं विचारताहेत ते. खान्देशी बोलीत घरनं म्हणजे घरचं. लक्ष देऊ नका तुम्ही." पण सरांनी लक्ष द्यायलाच लावलं. पेचकस मागवला, कुलरची जाळी काढली, आणि टेम्पोवाले उन्हात तिष्ठत असताना मोटरवरची बारीक अक्षरं वाचून काढली. मोटर परदेशी निघाली. "चालेल तोवर चालेल," ते म्हणाले, "बंद पडली तर मला हाक मारू नका."

पहिल्याच मे महिन्यात ती बंद पडली. मी हाक मारली नाही, तरी सर आपणहून वर आले, मोटर काढून काखेत मारली आणि त्यांच्या ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेले. परत आली तेव्हा ती पिठाच्या गिरणीसारखी आवाज करायची. पण मी ते घर सोडलं तोपर्यंत पुन्हा कधी बंद पडली नाही, हे कबूल करायला हवं. आता मी शिरपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवते, घरात एसी आहे, आणि तो आवाज नाही म्हणून सुरुवातीला मला झोप येत नसे.

सर जळगावच्या तेव्हाच्या आमच्याच कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवायचे. हा विषय आमच्याकडे बी.ए.ला असतो. पोरं तो घेतात, कारण पोलीस भरतीला उपयोगी पडतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे त्यात गणित नाही. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची फार चेष्टा करायचो. इतिहासवाले म्हणायचे, सर, तुमच्या विषयात पास झालेला एकतरी पोरगा सेनापती झाला का? सर शांतपणे म्हणायचे, "तुमच्या विषयातला एकतरी राजा झाला का?"

त्यांचा वर्ग मात्र बघण्यासारखा असायचा. मी शेजारच्या वर्गात नकाशे लावत असताना भिंतीपलीकडून हसण्याचा गडगडाट यायचा. एकदा न राहवून डोकावले. सरांनी प्लॅस्टिकची चटई गुंडाळून खांद्यावर धरली होती. जळगावात चटईला काय तोटा. एक डोळा मिटून ते छताच्या पंख्यावर नेम धरत होते. "हे खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र. एक माणूस उचलतो, एक माणूस डागतो. विमान खाली आलं, हेलिकॉप्टर खाली आलं, की शेवटचा बचाव हाच. मोठी क्षेपणास्त्रं लांबचं बघतात. ती चुकली तर मग हा गडी आणि त्याचा खांदा. हे इंजिनाची धग हुंगत जातं." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग मे महिन्यात जळगावात डागलं तर ते कुणामागे जाईल?" सर म्हणाले, "तुझ्यामागे. सगळ्यात तापलेलं डोकं तुझंच आहे."

हे सगळं हसण्यावारी चालायचं, पण एका गोष्टीवर मात्र सर हसत नसत. हत्यार विकत आणायचं की घरी करायचं, हा प्रश्न निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. "उसनी तलवार घेऊन लढायला जाऊ नये," ते म्हणायचे, "मालक ऐन वेळी परत मागतो." मग समजावून सांगायचे. आपल्याकडची खांद्यावरची क्षेपणास्त्रं वर्षानुवर्षं बाहेरून आली. त्यांना वय असतं, आतल्या बॅटऱ्यांना वय असतं. त्या बदलायच्या तर पुन्हा त्याच दुकानात जायचं. आणि दुकानदाराच्याच घरी भांडण पेटलं तर तो आधी स्वतःच्या पोरांना देणार की तुम्हाला? त्यापेक्षा आपलं करा. पहिल्यांदा बिघडेल, दुसऱ्यांदा बिघडेल. बिघडू द्या. चाचण्या कशाला असतात?

हे तत्त्व त्यांनी स्वयंपाकघरातही नेलं, आणि तिथंच घोटाळा झाला. एका उन्हाळ्यात अक्कांचं विरजण खराब झालं. कुठल्याही शहाण्या घरात अशा वेळी काय करतात? वाटी घेऊन शेजारी जातात. शेजारच्या मारवाडी भाभींकडचं दही तर पिंप्राळ्यात नावाजलेलं. पण सर दारात आडवे उभे. "विरजण मागायचं नाही. आपण आपलं करायचं." कुठंतरी त्यांनी ऐकलं होतं की देठासकट हिरवी मिरची दुधात टाकली की दही लागतं. टाकली. दुसऱ्या दिवशी जे झालं ते दूधही नव्हतं आणि दहीही नव्हतं, आणि त्याला मिरचीचा वास येत होता. सरांनी ते भाकरीशी खाल्लं. एक वाटी मला वर पाठवली. मी ती गॅलरीतल्या तुळशीला सुद्धा घातली नाही, कारण तुळशीचा काय गुन्हा? सर म्हणाले, "पहिलं असंच होतं. उद्या सुधारेल."

आणि खरंच सुधारलं. चार-पाच दिवसांत असं घट्ट, गोड दही लागायला लागलं की सर स्टाफरूममध्ये डबा उघडून सगळ्यांना चमचा-चमचा वाटायला लागले. "बठ्ठं घरनं शे," म्हणायचे. सगळं घरचं आहे. ते दही भाभींच्या विरजणाचं होतं. अक्का दुपारी सर कॉलेजात असताना मागच्या दारानं वाटी घेऊन गेल्या होत्या. मला माहीत होतं, भाभींना माहीत होतं, हळूहळू सगळ्या स्टाफला कळलं. पोरं त्यांना मागून विरजण सर म्हणायला लागली. मी एकदा अक्कांना म्हटलं, "अहो, सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "कसाले? एकदा आणलं बाहेरून. आता रोज मीच लावते ना, माझ्याच दुधाचं, माझ्याच हातानं. मग घरचंच झालं की ते." सरांनी आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली, पण या मुद्द्याचं इतकं सरळ उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

तसा त्यांना केळीनंही एकदा त्रास दिला होता. ज्या केळीवर आमचं जळगाव एवढं मिरवतं, तिचं वाण मूळचं बाहेरचं, हे मीच बोलता बोलता बोलून गेले. भूगोलवाली ना मी. सर दोन दिवस केळं खाईनात. मग तिसऱ्या दिवशी जिन्यातच मला गाठून म्हणाले, "मॅडम, मी विचार केला. आलं असेल बाहेरून, पण आता बुडाशी मुनवे आपल्याच मातीत फुटतात. तिला घरची धरायला हरकत नाही." आणि खिशातून केळं काढून तिथंच सोलून खाल्लं.

त्यांना एकच मुलगी. मी राहायला आले तेव्हा ती अकरावीत होती. सर तिला माय म्हणायचे, खान्देशात लेकीला लाडानं तसंच म्हणतात. शांत, उंच, बापासारखीच हट्टी पोर. ती लष्करात अधिकारी झाली, आणि नेमकी हवाई संरक्षणातच गेली. निवडीची बातमी आली त्या दिवशी सरांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. संध्याकाळी मी अभिनंदन करायला खाली गेले, तर ते एकटेच बसले होते आणि पंखा बंद होता. मी म्हटलं, "सर, एवढ्या उकाड्यात?" ते म्हणाले, "मॅडम, मी पोरांना शिकवतो ना, की मोठी क्षेपणास्त्रं चुकली तर मग तो गडी आणि त्याचा खांदा. तो गडी आता हिच्या हाताखाली असणार."

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातली गंमत कमी झाली. घरी क्षेपणास्त्र बनवण्याचं काम कुठवर आलं, याची बारीकसारीक बातमी ते शोधून काढायचे. चाचणी यशस्वी झाली की जिन्यातून वर हाक, "मॅडम, लागलं!" पुढं काही बातमी आली नाही की दोन दोन आठवडे अस्वस्थ. माझ्या चहाच्या कपाकडे बघत म्हणायचे, "चाचणीत लागणं वेगळं आणि पोरांच्या हातात येणं वेगळं. मध्ये किती वर्षं जातात, माहितीय? तोवर जुन्याचं वय सरतंय." मी काय बोलणार? मला पाऊस कुठं किती पडतो ते विचारा.

मुलगी सुट्टीला यायची तेव्हा ते तिला आडून आडून विचारायचे. तुमच्याकडे काय आहे? जुनं की नवं? घरनं का बाहेरनं? ती हसून विषय बदलायची. एकदा जेवताना स्पष्टच म्हणाली, "पप्पा, तुम्हीच वर्गात शिकवता ना, की सैनिकाच्या घरच्यांनी तोंड बंद ठेवावं? मग?" सर ओशाळले. भाकरी मोडत म्हणाले, "ते बरोबर आहे." आणि अक्का मला डोळ्यांनी खुणावून हसल्या.

त्या वर्षीची आखाजी मला चांगली आठवते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खान्देशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्कांनी खापरावरचे मांडे केले होते. मुलगी येणार होती, तिकीट झालं होतं. आदल्या दिवशी तिचा निरोप आला, सुट्टी रद्द झाली. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, टीव्हीवर दुसरं काही चालूच नव्हतं. सीमेवर वातावरण तापलं होतं.

मग ते दिवस आले. आकाशातून ड्रोन येताहेत, पाडले जाताहेत, कुठल्या शहरात अंधार केलाय, असं दिवसभर कानावर पडायचं. जळगावात सीमा कुठली, पण सरावाचा भोंगा आमच्याकडेही वाजला. आंब्याच्या गाडीवरचा कर्णा ओरडायला लागला तरी अक्का हातातलं टाकून उभ्या राहायच्या. सर टीव्हीसमोर बसून टीव्हीवाल्यांवर चिडायचे. "ड्रोनचं इंजिन केवढंसं, त्याची धग केवढीशी. जुन्या क्षेपणास्त्राला ती सापडणार कशी? हे कुणी विचारत नाही." मग स्वतःच टीव्ही बंद करायचे. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू यायचं.

अशात एका दुपारी मुलीचा फोन आला. मी खालीच होते, अक्कांबरोबर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ हाटत होते. अक्का बोलल्या, रडल्या, फोन सरांकडे दिला. आणि सरांनी जे केलं ते त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. त्यांना वाटलं, फोन कुणी ऐकत असेल तर त्याला अहिराणी कुठून येणार? त्यांनी आवाज खाली आणला आणि लेकीला विचारलं, "माय, तुमनाकडे दही लावतस ना, त्यानं विरजण कोन्हं शे? घरनं का बाहेरनं?"

तुमच्याकडे दही लावतात, त्याचं विरजण कुणाचं आहे. जन्मभर पोरांना गुपित कसं राखावं ते शिकवलेला माणूस. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.  फोनमधून मलाही ऐकू आलं, ती प्रमाण मराठीत, अगदी थंड आवाजात म्हणाली, "पप्पा, फोन ठेवते." आणि ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही.

पहिले एक-दोन दिवस सर म्हणत होते, चिडली असेल. मग म्हणायला लागले, फोन काढून घेतले असतील सगळ्यांचे, असं करतातच. मग एका सकाळी दाढी अर्धी करून, गालाला साबण तसाच ठेवून ते वर माझ्या दारात आले. "मॅडम, कुणी ऐकलं असेल का हो ते? माझ्यामुळे तिची चौकशी लागली असेल का?" मी म्हटलं, "सर, दह्याचं कोण चौकशी करतंय?" ते म्हणाले, "जो आपल्याकडचा असेल तो बरोबर ओळखेल. तिथं खान्देशातली पोरं नाहीत का?" मी त्यांना साबण पुसायला टॉवेल दिला. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती, पण चौकशीची नाही. ज्या भीतीचं नाव कुणी घेत नव्हतं, ती. गल्लीत अनोळखी गाडी थांबली की आम्ही तिघंही वेगवेगळ्या खिडकीतून बघायचो.

मग टीव्हीवर सांगितलं, सगळं थांबलं. गल्लीत फटाके वाजले. फोन आला नाही. भाभी पेढे घेऊन आल्या, अक्कांनी डबा हातात घेतला आणि तसाच देवासमोर ठेवला. "पोरीचा आवाज ऐकू दे, मग खाऊ." सर खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसलेले. चार्जरची वायर पुरत नव्हती म्हणून खुर्चीच भिंतीला नेली होती. सगळं थांबल्यावरही फोन का नाही, याला त्यांच्या शास्त्रात उत्तर नव्हतं. तिच्या ऑफिसच्या नंबरवर त्यांनी विचारलं तेव्हा कुणीतरी अदबीनं सांगितलं की सगळे ठीक आहेत, वेळ मिळताच बोलतील. सर म्हणाले, "सगळे ठीक, असं मीही सांगितलं असतं."

आणि नेमकं तेव्हाच धुळ्याचं व्याख्यान आलं. तिथल्या वसंत व्याख्यानमालेत सरांना आधीच बोलावलेलं होतं. मधे तारीख पुढं गेली होती, आता नवीन ठरली. विषय त्यांचाच आवडता, हवाई संरक्षण, आयात की स्वदेशी. सर नाही म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "जा. इथं बसून फोन लवकर येत नही." बरोबर मी गेले, कारण त्या अवस्थेत त्यांना गाडी चालवू देणं म्हणजे कठीणच. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, सर मोबाइल हातातून सोडत नव्हते. फक्त रेंज आहे का ते बघायचे.

सभागृह भरलं होतं. त्या दिवसांत सगळा देशच संरक्षणशास्त्र शिकला होता ना. सर बोलायला उभे राहिले आणि सवयीनं बोलत गेले. उसनी तलवार, दुकानदाराचं घर, बॅटरीचं वय, सगळं. टाळ्या पडल्या. मला हायसं वाटलं. मग प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले, कापसाचे व्यापारी असावेत, गळ्यात चष्म्याची दोरी. अगदी साधेपणानं म्हणाले, "सर, तुमचं सगळं पटलं. पण एक सांगा. समजा तुमची स्वतःची पोरगी तिथं सीमेवर उभी आहे. आज. घरचं अजून तयार नाही. तिच्या हातात काय द्याल?"

त्यांना काही माहीत नव्हतं. संयोजकांना माहीत होतं, त्यांनी मान खाली घातली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता एखादा विनोद करून सुटतील. ते म्हणाले, "बाहेरचं द्या. आज मिळेल ते द्या, जो देईल त्याच्याकडून घ्या. घरच्याची वाट बघत मी माझी पोरगी उघड्यावर ठेवणार नाही. घरच्यावर आज माझा भरवसा नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आतापर्यंत काय शिकवत होता?" दुसरा म्हणाला, "अहो, तासभर उलटं बोलत होते हे." सर पाणी प्यायले. ग्लास टेबलावर ठेवताना लवंडला. संयोजकांनी घाईघाईनं आभार मानले आणि श्रीफळ माझ्याच हातात दिलं.

परत येताना मी गाडी हळू चालवत होते. ते म्हणाले, "मॅडम, मी खोटं बोललो का?" मी म्हटलं, "तासभर बोललात तेही खरं, आणि शेवटचं एक मिनिट बोललात तेही खरंच." ते म्हणाले, "दोन्ही खरं कसं असेल?" मला त्यांची कीव आली आणि रागही आला. म्हटलं, "सर, काही गोष्टी असतात तशा. गप्प बसा आता."

त्या शेवटच्या वाक्याचा तुकडा कापून कुणीतरी मोबाइलवर सोडला. घरच्यावर आज माझा भरवसा नाही. एवढंच. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला, गल्लीच्या ग्रुपवर आला, भाभींच्या समाजाच्या ग्रुपवरही आला. स्टाफरूममध्ये इतिहासवाले म्हणाले, "विरजण फाटलं." मी त्यांना असं काही सुनावलं की दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, तुम्ही असं का बोललात? सर म्हणाले, "प्रश्न विचारला म्हणून." त्यांना त्या तुकड्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त फोन हवा होता.

तो आला. भर दुपारी, अक्कांच्या मोबाइलवर. मी वरून धावत खाली आले. अक्कांनी स्पीकर चालू केला आणि तिघं फोनभोवती बसलो. पोर बोलत होती. धडधाकट होती. फोन खरंच काढून घेतले होते, नंतर जागा बदलली, तिथं रेंज नव्हती. अक्का नुसत्या "हो माय, हो माय" म्हणत होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या. सरांनी भिंतीला डोकं टेकलं होतं.

मग ती म्हणाली, "पप्पा आहेत का?"

"आहे," सर म्हणाले.

"पहिली गोष्ट. दह्याचं पुन्हा विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"दुसरी. माझ्याकडे पारोळ्याकडचा एक जवान आहे. त्याच्या घरच्यांनी त्याला तुमचा धुळ्याचा व्हिडिओ पाठवला. त्यानं सगळ्यांना दाखवला. मग माझ्याकडे आला. म्हणाला, मॅडम, हे तुमचे वडील ना?" ती थांबली. तिच्या मागे जनरेटरचा आवाज येत होता. "पप्पा, त्यांच्या खांद्यावर काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. मी सांगणारही नाही. पण जे आहे, ते घेऊनच ती पोरं उभी राहिली. उद्याही तेच घेऊन उभी राहणार आहेत. त्यांना वाटतं, तुम्ही प्राध्यापक आहात, तुम्हाला आतलं माहीत असणार. त्यातल्या एकानं विचारलं, मॅडम, आपलं चालतं ना? मी काय सांगायचं त्यांना?"

मला वाटलं, सर आता समजावून देतील. वाक्य कापलंय म्हणतील, पूर्ण भाषण ऐका म्हणतील.  अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यास्ले सांग," ते म्हणाले आणि फोन जवळ ओढला. पुन्हा म्हणाले, "त्यास्ले सांग, मना बापले भेव वाटनं. बाकी त्याले काही मालूम नही. धुयाले सर नही बोलना, बाप बोलना."

त्यांना सांग, माझ्या बापाला भीती वाटली. धुळ्याला सर नाही बोलले, बाप बोलला.

 अक्कांनी फोन हातात घेऊन पडद्याकडे बघितलं, चालू आहे की नाही ते. घरी आली तरी ती सरांशी प्रमाण मराठीतच बोलायची, लष्करात गेल्यापासून तर जास्तच. त्या दिवशी ती लहान आवाजात म्हणाली,

"मालेबी भेव वाटस, पप्पा."

सरांनी हुंकार दिला, एवढाच. तिनं ठेवते म्हटलं नाही, आणि आमच्यापैकी कुणीही फोन बंद करायला हात पुढं केला नाही.